घटक ६ : संगणकीय संदेशांचे मराठीकरण – अनुवादाची फाइल तपासणे व कंपाइल करणे

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :

१. प्रोग्राममधील संदेश मूळ प्रोग्रामपासून वेगळे का ठेवतात, हे सांगता येईल.
२. अनुवादाच्या पीओ फाइलची रचना ओळखता येईल.
३. कमांड लाइनवरून ती फाइल तपासण्याची व कंपाइल करण्याची आज्ञा समजावून सांगता येईल.
४. संगणकीय साधन कोणते दोष पकडते आणि कोणते दोष अनुवादकालाच शोधावे लागतात, यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.

६.१ प्रास्ताविक

उपयोजित मराठीचा विचार करताना आपण आतापर्यंत कार्यालयीन पत्रव्यवहार, जाहिरात आणि वृत्तलेखन या क्षेत्रांचा परिचय करून घेतला. भाषेच्या उपयोजनाचे आणखी एक क्षेत्र आपल्या दैनंदिन जीवनात शिरले आहे, पण त्याकडे भाषेचे अभ्यासक म्हणून आपले लक्ष क्वचितच जाते. ते क्षेत्र म्हणजे संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर उमटणारे संदेश. 'जतन करा', 'पुन्हा प्रयत्न करा', 'आपले तिकीट आरक्षित झाले आहे' ही वाक्येही कोणीतरी लिहिलेली, कोणीतरी अनुवादित केलेली असतात. ती कोट्यवधी वेळा वाचली जातात. परंतु त्यांवर लेखकाचे नाव नसते.

मराठीला नवे व्यवहारक्षेत्र मिळाले की त्यासाठी शब्द घडविण्याचे काम आपल्या परंपरेत वारंवार झाले आहे. शिवकाळातील राज्यव्यवहारकोश हे त्याचे जुने उदाहरण. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश हे अलीकडचे. संगणकीय संदेशांचे मराठीकरण हा त्याच प्रवाहाचा पुढचा टप्पा आहे. फरक इतकाच, की येथे शब्द कोशात छापून भागत नाही. तो एका ठरावीक साच्यात लिहावा लागतो, यंत्राकडून तपासून घ्यावा लागतो आणि यंत्राला वाचता येईल अशा रूपात बदलावा लागतो. या शेवटच्या क्रियेस 'कंपाइल करणे' असे म्हणतात. प्रस्तुत घटकात आपण ही क्रिया पाहू आणि तिच्या निमित्ताने मराठीच्या व्याकरणाची काही वैशिष्ट्ये नव्याने तपासू.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ संदेश वेगळे का ठेवतात?

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित प्रोग्राम घेऊ. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील प्रवाशांना गाड्यांच्या वेळा दाखविणारा तो एक छोटा प्रोग्राम आहे. भीमेच्या काठचे दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती या दिशांचे लोहमार्ग तेथे मिळतात. घोड नदीकाठचे शिरूर पुणे–अहिल्यानगर महामार्गावर आहे आणि तेथील प्रवाशांची भिस्त प्रामुख्याने एसटीवर आहे. आपला प्रोग्राम मूळ इंग्रजीत लिहिला गेला आहे आणि तो मराठीत आणावयाचा आहे.

प्रोग्रामच्या आत जाऊन प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या जागी मराठी वाक्य लिहिणे, हा एक मार्ग झाला. पण मग मराठीसाठी एक, कन्नडसाठी दुसरा, हिंदीसाठी तिसरा असे अनेक प्रोग्राम तयार होतील आणि मूळ प्रोग्राममध्ये लहानसा बदल झाला तरी तो सर्वांत करावा लागेल. म्हणून प्रोग्राम एकच ठेवतात आणि त्याचे सर्व संदेश बाहेर, स्वतंत्र फाइलमध्ये काढतात. प्रत्येक भाषेची फाइल निराळी असते. वापरकर्त्याने जी भाषा निवडली असेल, त्या भाषेच्या फाइलमधून प्रोग्राम संदेश उचलतो.

या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनसंचांपैकी एक प्रमुख संच म्हणजे 'ग्नू गेटटेक्स्ट'. तो १९९५ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे. ग्नोम व केडीई हे लिनक्सवरील पडदे, तसेच संकेतस्थळे चालविणारे वर्डप्रेस यांचे मराठी अनुवाद याच पद्धतीच्या फाइलींमध्ये झाले आहेत. हे काम बव्हंशी स्वयंसेवकांनी आणि पुण्यासारख्या शहरांतील भाषातंत्रज्ञांनी केले आहे. त्यांत भाषेच्या विद्यार्थ्यालाही सहभागी होता येते.

६.२.२ पीओ फाइलची रचना

अनुवादक ज्या फाइलवर काम करतो, तिला 'पीओ' फाइल म्हणतात. ती साधी मजकूर-फाइल असते. कोणत्याही मजकूर-संपादकात उघडता येते. तिच्यात एकाखाली एक नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत दोन मुख्य ओळी असतात : 'एमएसजीआयडी' या खुणेपुढे मूळ इंग्रजी संदेश आणि 'एमएसजीएसटीआर' या खुणेपुढे मराठी अनुवाद. (या खुणा, फाइलींची नावे व आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत व अंकांत टंकावयाच्या असतात, या पुस्तिकेत त्या देवनागरीत दिल्या आहेत.) उदाहरणार्थ :

एमएसजीआयडी "नो सीट्स अव्हेलेबल"
एमएसजीएसटीआर "एकही आसन शिल्लक नाही"

फाइलच्या आरंभी शीर्षनोंद असते. अनुवादाची भाषा (मराठीसाठी 'एमआर' हा संकेत), अक्षरांची संकेतपद्धती (यूटीएफ-८) आणि अनेकवचनाचा नियम यांची माहिती तीत दिलेली असते.

कधी कधी एकाच इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ असतात. 'ओपन' ही आज्ञा असेल तर 'उघडा' आणि स्थिती असेल तर 'उघडे आहे'. अशा वेळी नोंदीत 'एमएसजीसीटीएक्सटी' या खुणेने संदर्भ दिलेला असतो. आपण नुसते 'शिरूर' म्हटले तर पुणे जिल्ह्यातील घोडनदीचे शिरूर, बीड जिल्ह्यातील शिरूर कासार की लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ, असा प्रश्न पडतो. तालुका-जिल्हा सांगितला की संदेह राहत नाही. संदर्भाची ओळ नेमके हेच काम करते. ती न वाचता अनुवाद करणे म्हणजे जिल्हा न पाहता पत्र टाकणे होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) एका प्रोग्रामचे संदेश स्वतंत्र फाइलमध्ये ठेवण्याचा मुख्य लाभ कोणता?
(आ) संदर्भाची ओळ केव्हा आवश्यक ठरते?

६.२.३ तपासणी व कंपाइल करण्याची आज्ञा

पीओ फाइल माणसाला वाचण्यास सोपी असली, तरी प्रोग्रामच्या दृष्टीने ती संथ असते. प्रत्येक संदेशासाठी सगळी फाइल वाचत बसणे परवडत नाही. म्हणून तिचे रूपांतर 'एमओ' या द्विमान फाइलमध्ये करतात. तिच्यात मूळ संदेश क्रमवार लावलेले असतात, त्यामुळे हवा तो संदेश तत्काळ सापडतो. शब्दकोशातील नोंदी अकारविल्हे लावल्याने जो लाभ वाचकाला होतो, तोच येथे यंत्राला होतो.

हे रूपांतर करणाऱ्या साधनाचे नाव 'एमएसजीएफएमटी' असे आहे. त्याला चित्रे वा बटणे नाहीत. टर्मिनलच्या खिडकीत एक ओळ टंकून ते चालवितात :

एमएसजीएफएमटी --चेक --स्टॅटिस्टिक्स -ओ प्रवास.एमओ एमआर.पीओ

या ओळीची फोड अशी : पहिला शब्द साधनाचे नाव. '--चेक' म्हणजे कंपाइल करण्यापूर्वी नोंदी तपासा. '--स्टॅटिस्टिक्स' म्हणजे किती संदेश अनुवादित झाले त्याचा हिशेब सांगा. '-ओ' च्या पुढे तयार होणाऱ्या फाइलचे नाव. ते दिले नाही तर 'मेसेजेस.एमओ' अशा नावाची फाइल तयार होते. शेवटी अनुवादकाची पीओ फाइल. पर्याय दर्शविणाऱ्या आडव्या रेघांमध्ये व आज्ञेतील शब्दांमध्ये अंतर कोठे सोडावयाचे, हे काळजीपूर्वक पाहावे.

तयार झालेली एमओ फाइल ठरावीक जागी ठेवावी लागते. लिनक्सवर ती सामान्यतः 'लोकेल' या फोल्डरात, 'एमआर' या उपफोल्डरातील 'एलसी_मेसेजेस' येथे असते. जागा चुकली तर प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता इंग्रजी संदेश दाखवीत राहतो. एखाद्या नोंदीचा अनुवाद रिकामा असेल तरीही तसेच घडते.

६.२.४ साधन कोणते दोष पकडते?

आपल्या प्रोग्रामात पुढील अर्थाचा एक इंग्रजी संदेश आहे : "%डी बसेस टु %एस". येथे '%डी' च्या जागी प्रोग्राम संख्या भरतो आणि '%एस' च्या जागी गावाचे नाव. अशा खुणांना आपण स्थाननिदर्शके म्हणू. इंग्रजीत संख्या आधी येते, गाव नंतर. मराठीत स्वाभाविक क्रम उलटा आहे : 'दौंडला जाणाऱ्या ३ गाड्या'. अनुवादकाने सहजपणे लिहिले :

"%एस ला जाणाऱ्या %डी गाड्या"

वाक्य मराठी म्हणून बरे वाटते. पण प्रोग्राम पहिली किंमत पहिल्या जागी भरतो. गावाच्या जागी संख्या जाते आणि सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम तेथेच कोसळू शकतो. तपासणीचा पर्याय दिला असेल तर साधन ही चूक पकडते, नोंदीचा ओळ-क्रमांक सांगते आणि काम थांबविते. मात्र त्यासाठी त्या नोंदीवर 'सी-फॉरमॅट' ही खूण असावी लागते. ती सहसा संदेश बाहेर काढणारे साधनच लावते. अनुवादकाने ती पुसू नये.

उपाय सोपा आहे. स्थाननिदर्शकाला क्रमांक द्यावा : "%२$एस ला जाणाऱ्या %१$डी गाड्या". म्हणजे दुसरी किंमत येथे, पहिली तेथे. मराठीचा वाक्यक्रम मोडण्याची गरज उरत नाही. यंत्रासाठी भाषा वाकवावी लागते, असा समज अनेकदा ऐकू येतो. पुष्कळदा मार्ग उपलब्ध असतो, केवळ तो ठाऊक नसतो.

संकेतपद्धतीला न जुळणारी अक्षरे, न मिटलेली अवतरणचिन्हे, एकाच संदेशाच्या दोन नोंदी, शीर्षनोंदीतील उणिवा हे दोषही साधन दाखविते. थोडक्यात, ते फाइलचे रूप तपासते.

६.२.५ साधनाला न दिसणारे व्याकरण

वरील दुरुस्त संदेश आता निर्वेध कंपाइल होईल. तो पडद्यावर कसा दिसेल ते पाहू. 'शिरूर ला जाणाऱ्या ३ गाड्या' यात प्रत्यय सुटा पडला आहे. अंतर काढले की 'शिरूरला', 'दौंडला', 'यवतला', 'बारामतीला' ही रूपे ठीक होतात. परंतु प्रवाशाने पुणे निवडले तर पडद्यावर उमटेल 'पुणेला'. शिरूर तालुक्यातील न्हावरे निवडले तर 'न्हावरेला', दौंड तालुक्यातील चौफुला निवडला तर 'चौफुलाला'. मराठी बोलणारा कोणीही 'पुण्याला', 'न्हावऱ्याला', 'चौफुल्याला' असेच म्हणेल.

हे का घडते? विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नामाचे सामान्यरूप होते. पुल्लिंगी आकारान्त व नपुंसकलिंगी एकारान्त नामांच्या अंती 'या' येतो. स्थाननिदर्शकाच्या जागी मात्र प्रोग्राम गावाचे नाव मूळ रूपातच ठेवतो. त्याला सामान्यरूप ठाऊक नसते. कंपाइल करणाऱ्या साधनालाही ते ठाऊक नाही.

येथे अनुवादकाची खरी कसोटी लागते. मूळ रूपापुढे चालणारी रचना त्याने शोधावी. औपचारिक मराठीत अशी एक रचना आहे : 'पुणे येथे', 'न्हावरे येथे', 'चौफुला येथून'. 'येथे' च्या आधी स्थळनाम बदलत नाही. तेव्हा "%२$एस येथे जाणाऱ्या %१$डी गाड्या" हा अनुवाद प्रत्येक गावाला लागू पडतो. याहून संक्षिप्त मार्ग एसटीच्या पाटीने पूर्वीच दाखविला आहे : 'शिरूर – दौंड'. प्रत्यय नाही, म्हणून सामान्यरूपाचा प्रश्नही नाही. जागा थोडी असेल तेथे 'गंतव्य : पुणे' असे लिहिणेही उचित.

दुसरा प्रश्न वचनाचा. गाडी एकच असेल तर 'जाणाऱ्या १ गाड्या' असे दिसता कामा नये. त्यासाठी नोंदीत एकवचनी व अनेकवचनी असे दोन अनुवाद देण्याची सोय आहे. मराठी फाइलींच्या शीर्षनोंदीत सामान्यतः नियम असतो : संख्या १ असेल तर पहिले रूप, अन्यथा दुसरे. इंग्रजीत केवळ नाम बदलते. मराठीत नामाबरोबर त्याचे विशेषणही बदलते. 'जाणारी १ गाडी' आणि 'जाणाऱ्या ३ गाड्या' ही जोडी पाहावी. 'डबा–डबे', 'तिकीट–तिकिटे' यांत रूप बदलते. 'प्रवासी' मात्र दोन्ही वचनांत तोच राहतो. रूप तेच असले तरी दोन्ही ओळी भराव्या लागतात.

तिसरा मुद्दा लेखनाचा. 'जाणाऱ्या' मधील जोडाक्षर संगणकावर दोन प्रकारे टंकता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती भिन्न अक्षरमाला असते. एका फाइलमध्ये दोन पद्धती मिसळल्या तर शोध घेताना अर्धे शब्द सापडत नाहीत. म्हणून अनुवादक-गटाने आरंभीच एक पद्धत ठरवावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) 'चौफुलाला' हे रूप का चुकते? त्यावर कोणता उपाय सुचविला आहे?
(आ) "%डी तिकिटे" या संदेशाचे एकवचनी व अनेकवचनी अनुवाद लिहा.

६.२.६ अनिश्चित नोंदी

मूळ प्रोग्रामात सुधारणा झाली की इंग्रजी संदेश बदलतात. तेव्हा जुन्या अनुवादाची नव्या संदेशांशी जुळणी करणारे दुसरे साधन वापरतात. जवळपास सारखा संदेश आढळला की ते जुना अनुवाद तेथे ठेवते आणि नोंदीवर 'फझी' अशी खूण करते. तिचा अर्थ : हा अनुवाद अनिश्चित आहे, माणसाने पाहावा.

समजा, जुना संदेश 'गाडी आज सुटेल' असा होता आणि नवा संदेश 'गाडी आज सुटणार नाही' अशा अर्थाचा आहे. इंग्रजीत दोहोंत एका लहान शब्दाचा फरक. त्यामुळे नव्या संदेशाखाली जुनाच अनुवाद येऊन बसतो. नेहमीच्या पद्धतीने कंपाइल करताना फझी नोंदी वगळल्या जातात आणि प्रवाशाला इंग्रजी वाक्य दिसते. ते गैरसोयीचे असले तरी खोटे नसते. परंतु अनुवादाची टक्केवारी वाढलेली दिसावी म्हणून कोणी '--यूज-फझी' हा पर्याय जोडला, किंवा न वाचता खूण पुसली, तर पडद्यावर शुद्ध मराठीत नेमकी उलट माहिती उमटेल. हिशेबात 'सर्व संदेश अनुवादित' असे दिसेल आणि प्रवासी फलाटावर न येणाऱ्या गाडीची वाट पाहत राहील.

६.२.७ रूप निर्दोष, अर्थ सदोष

शेवटचे उदाहरण सर्वांत साधे आहे. तिकीट रद्द करताना प्रोग्राम खात्री करून घेतो. इंग्रजीतील प्रश्न व दोन बटणे यांचा शब्दशः अनुवाद असा होईल :

'तिकीट रद्द करायचे?' [ठीक] [रद्द]

तिकीट ठेवू इच्छिणाऱ्या प्रवाशाने कोणते बटण दाबावे? 'रद्द' म्हणजे तिकीट रद्द, की रद्द करण्याचा विचार रद्द? इंग्रजीतही ही अडचण आहे; पण शब्दशः अनुवादाने ती जशीच्या तशी मराठीत आली. या नोंदींत स्थाननिदर्शक नाही, अवतरणचिन्हे बरोबर आहेत, शुद्धलेखन निर्दोष आहे. साधन एका क्षणात ती कंपाइल करील. पहिल्यांदाच यंत्रावर तिकीट हाताळणाऱ्या वयस्क प्रवाशाचे पैसे मात्र त्या एका शब्दावर अवलंबून राहतील.

अनुवादकाने येथे बटणावर क्रिया लिहावी : [तिकीट रद्द करा] [तिकीट राहू द्या]. असे करण्यासाठी संदर्भाची ओळ नसेल तर प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे ती मागावी. बटणांसाठी 'करा', 'उघडा', 'निवडा' अशी आदरार्थी आज्ञार्थाची रूपे सर्वत्र एकसारखी वापरावीत.

६.३ सारांश

प्रोग्रामचे संदेश स्वतंत्र पीओ फाइलमध्ये ठेवून त्यांचा अनुवाद करतात आणि एमएसजीएफएमटी या साधनाने त्यांची एमओ फाइल तयार करतात. तपासणीच्या पर्यायामुळे स्थाननिदर्शकांचा क्रम, अक्षरसंकेत व शीर्षनोंद यांतील दोष वेळीच कळतात. सामान्यरूप, विशेषणाचे वचन, शब्दाचा संदर्भ आणि वाक्याचा अभिप्राय यांकडे मात्र साधन पाहत नाही. फाइल निर्वेध कंपाइल झाली, याचा अर्थ ती यंत्राला वाचता येते एवढाच. ती माणसाला समजते की नाही, हे मराठी जाणणाऱ्या माणसानेच तपासावयाचे असते.

६.४ पारिभाषिक संज्ञा

कमांड लाइन – टंकलेल्या आज्ञेने संगणकाकडून काम करून घेण्याची पद्धत.
कंपाइल करणे – माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला वापरता येईल अशा रूपात रूपांतर करणे.
स्थाननिदर्शक – संदेशात नंतर भरावयाच्या नावाची वा संख्येची जागा दाखविणारी खूण.
फझी नोंद – यंत्राने अंदाजाने जुळविलेला, माणसाने न तपासलेला अनुवाद.
सामान्यरूप – प्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणारा बदल.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) प्रोग्राम एकच राहतो व भाषेनुसार केवळ संदेशांची फाइल बदलते. (आ) एकाच मूळ शब्दाचे भिन्न अर्थ संभवतात तेव्हा.
२. (अ) आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'चौफुल्या' होते, ते प्रोग्राम करीत नाही. 'चौफुला येथे' अशी रचना वापरावी. (आ) "%डी तिकीट", "%डी तिकिटे".

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'संगणकीय साधन रूप तपासते, अर्थ तपासत नाही' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. फझी नोंदी न तपासता समाविष्ट करण्याचे परिणाम स्पष्ट करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या जवळचे बसस्थानक, रेल्वेस्थानक, बँक वा तलाठी कार्यालय येथील एखाद्या यंत्राच्या पडद्यावरील दहा मराठी संदेश उतरवून घ्या. प्रत्येकात प्रत्यय, वचन व आज्ञार्थ कसा योजला आहे ते नोंदवा. जो संदेश वाचून आपण स्वतः क्षणभर थबकलात, त्याचा सुधारित अनुवाद लिहा आणि घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांना तो एका वाचनात समजला नाही, तर पुन्हा लिहा.